कालवाच्या डोक्याचा सॅम

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी टिम बर्टनच्या इंग्रजी कविता वाचून खिदळते. एकीत तर बाप चक्क पोटच्या पोराला खातो! पुस्तक काढून घेऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, अजिबात काढून घेऊ नका. सिनेमावाल्या बर्टनचं हे पुस्तक १९९७चं, चित्रंही त्याचीच. कालवाचं, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्याचं डोकं घेऊन जन्मलेला सॅम कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कालवं खाल्ली की पुरुषाला जोम येतो, असं डॉक्टर सुचवतो आणि बाप त्याला खातो. पुरून आल्यावर आई बापाला म्हणते, आता मुलगी होऊ दे. हसता हसता पोटात ढवळतं ते तिथे. दुसऱ्या कवितेतल्या यंत्रमुलाला तर लोक कचऱ्याचा डबा समजतात.

मी शिकवत होते तेव्हा वर्गात एक तोतरा मुलगा होता. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटाच पोळीभाजी खायचा, डब्याचं झाकण तोंडापुढे धरून. वर्षभर पाहिलं आणि मी गप्प बसले. ती टोचणी अजून गेलेली नाही.

आज रात्री लेकीशेजारी बसा, तिच्यासोबत सॅम वाचा आणि विचारा, ‘‘तुझ्या वर्गात असं कोण आहे गं?’’