रेडिचची ऑलकॉक ही गळ बनवणारी कंपनी कोणती होती? ती बंद का पडली?

आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याची चपटी डबी निघाली, आत गंजलेले गळ, आणि झाकणावर हरणाच्या चित्राखाली 'एस. ऑलकॉक अँड कंपनी, रेडिच' एवढंच वाचता येतं, असं तुम्ही लिहिलंय. ते हरीण म्हणजे त्यांचं व्यापारचिन्ह. कंपनी आता नाही. 1960 च्या दशकात ती एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली आणि पुढे ऑलकॉक हे नावही मालावरून गेलं. पण तिच्या भरभराटीच्या काळात मासेमारीचं सामान बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी असा तिचा लौकिक होता.

ऑलकॉक समजायची तर आधी रेडिच समजायला हवं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला वूस्टरशर परगण्यातलं हे गाव. इथल्या जमिनी विंडसर-क्लाइव्ह घराण्याच्या होत्या. आणि हो, प्लासीच्या वर्षभर आधी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला आलेल्या क्लाइव्हचेच ते वंशज. ऑलकॉकचा कारखाना, स्टँडर्ड वर्क्स, होताही क्लाइव्ह रोडवरच. गावचा मूळ धंदा मात्र सुयांचा. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया रेडिच आणि आसपासच्या खेड्यांतून जात. गळ म्हणजे शेवटी वाकवलेली सुईच. तार तीच, टोक तसंच, पाणी द्यायची, म्हणजे पोलाद कडक करायची, पद्धतही तीच. त्यामुळे सुया करणारे गळही करू लागले. पॉलिकार्प ऑलकॉकनं 1803 मध्ये धंदा सुरू केला आणि त्याचा मुलगा सॅम्युअल यानं तो जगभर नेला.

गळ तेव्हा हातानं होई. तारेचा तुकडा तोडायचा, सुरीनं तिरकी खाच मारून उलटा काटा उचलायचा, कानशीनं टोक काढायचं, साच्याभोवती वाकवायचं, मग तापवून तेलात बुडवून पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर गळ तुटतो, कमी झालं तर मासा सरळ करून जातो. तयार गळ धाग्याला बांधायचं आणि माशांना फसवायला पिसांच्या नकली माश्या करायचं नाजूक काम बहुतेक बायका करत.

सुयांच्या बाजूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोरड्या दगडावर सुयांना टोक काढणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई, आणि त्यातले पुष्कळजण तरुणपणीच जात. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले तेव्हा याच कामगारांनी त्यांना विरोध केला. काम जीवघेणं म्हणून मजुरी जास्त. धोका गेला तर मजुरीही उतरणार! त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणवत नाही.

ऑलकॉकचं नाव आज शौकीन लोक घेतात ते मात्र गळांसाठी नाही, एरियल नावाच्या, काठीवर दोरी गुंडाळायच्या रिळासाठी. नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सनची ही कल्पना, 1890 च्या दशकातली. तोवर नॉटिंगहॅमची रिळं भरीव लाकडाची आणि जड असत. कॉक्सननं सायकलच्या चाकासारख्या तारांच्या आऱ्या घालून रीळ इतकं हलकं केलं की नदीच्या संथ प्रवाहात वाहत जाणारा बोयासुद्धा ते फिरवत दोरी ओढून नेई. ऑलकॉकनं ते पुढची साठ-सत्तर वर्षं निरनिराळ्या रूपांत बनवलं. जुनी एरियल आजही लिलावात चांगली किंमत खातात. माझं मत विचाराल तर रेडिचमध्ये बनलेली सर्वांत देखणी वस्तू तीच, आणि बुलेट गृहीत धरून बोलतोय. (रॉयल एनफील्ड रेडिचचीच; तिचा मूळ पुरुष जॉर्ज टाउनसेंड हाही सुया बनवायचा.)

मग अशी कंपनी गेली कशी? एका घावात नाही गेली.

गळांच्या बाबतीत धोक्याची घंटा फार आधी वाजली होती. 1877 मध्ये नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीत मथियास टॉप या माणसानं तारेपासून आपोआप गळ करणारं यंत्र बनवलं. रेडिचची ताकद होती कुशल हातात, आणि नेमका हातच महाग पडू लागला. मुस्टाडचे गळ आज आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात.

दुसरा घाव दोरीचा. जुन्या काळी गळाला जोडायचा पारदर्शक धागा येई स्पेनच्या मुर्सिया भागातून. कोश करायच्या बेतात आलेला रेशीमकिडा व्हिनेगरमध्ये भिजवायचा, मग त्याच्या पोटातली रेशीमग्रंथी काढून हातानं ताणायची. असा जेमतेम हात-दीड हाताचा धागा मिळायचा, म्हणून लांबी हवी तर गाठी मारत बसायचं. तो जाडीप्रमाणे निवडणं, जोडणं, विकणं हा रेडिचमधला मोठाच उद्योग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, म्हणजे आपला तंगूस, आणि ही सगळी विद्या काही वर्षांत निरुपयोगी झाली. पाठोपाठ बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्यांना काचतंतूच्या काठ्यांनी हटवलं.

तिसरा घाव रिळाचा, आणि इथे मला खरी गंमत वाटते. स्वतः न फिरता दोरी सोडणारं, आज सगळीकडे दिसणारं रीळ हा मुळात इंग्रजांचाच शोध. ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांतल्या इलिंगवर्थनं 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ऑलकॉकनंही अशी रिळं काढली होती. पण युद्धानंतर बाजार मारला तो फ्रान्सच्या मिचेलनं आणि स्वीडनच्या आबूनं. शोध घरचा, कमाई शेजाऱ्यांची.

शेवटी जिनं ऑलकॉक घेतली ती मिशिगनमधल्या कॅलामझूची शेक्सपिअर कंपनी. संस्थापकाचं नाव खरोखरच विल्यम शेक्सपिअर, धाकटा. आणि रेडिचपासून स्ट्रॅटफर्ड, म्हणजे थोरल्या शेक्सपिअरचं गाव, पंचवीसेक किलोमीटरवर. असा योग नाटकात घातला असता तर प्रेक्षक हसले असते.

लोक म्हणतात की रेडिचचा उद्योगच संपला. मला ते अर्धंच खरं वाटतं. रॉयल एनफील्डचा रेडिचमधला कारखाना 1967 मध्ये बंद झाला, पण त्याआधीच, 1955 मध्ये, मद्रासला बुलेट जुळायला लागली होती. रेडिचशेजारच्या स्टडलीच्या सुई कंपनीनं 1949 मध्ये निलगिरीतल्या केट्टीला कारखाना काढला. तुमच्या घरच्या शिवणाच्या डब्यात 'पोनी'ची सुई असेल तर ती तिथली. परदेशी भांडवल कमी करण्याच्या कायद्यावरून त्या कंपनीच्या भागधारकांत जुंपली तेव्हा 1981 चा निकाल आपल्या यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिला, आणि कंपनी कायदा शिकणाऱ्यांना तो अजून वाचावा लागतो. म्हणजे रेडिचची सुई आणि मोटारसायकल दोन्ही तमिळनाडूत रुजली. गळाचं रोपटं मात्र कुणी इकडे लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि ऑलकॉक उरली ती जुन्या डब्यांवर आणि रेडिचच्या फोर्ज मिल सुई संग्रहालयात.

आता तुमच्या डबीचं. नुसत्या गळांना फारशी किंमत येत नाही, कारण ते अमाप बनले. कागदाची पाकिटं न फाडलेली असतील तर हौशी लोक घेतात. गळांना पिवळसर, ताठ धागा बांधलेला असेल तर तो वर सांगितलेला रेशीमधागा. कोरडा असताना वाकवू नका, तुकडा पडेल. आणि अशा गळावर मासा धरायला जाऊ नका. ट्रंक मात्र पुन्हा एकदा नीट उपसा. आऱ्यांचं रीळ निघालं तर त्याच्या पाठीवर हेच हरीण आहे का पाहा, आणि पितळी भाग चकचकीत करण्याच्या आधी फोटो टाका.