बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचे सगळे व्यवहार पीसीवर उतरवून तपासणारं वॉलेट) चार दिवस ८७ टक्क्यांवरच आहे, मित्राने पाठवलेले पैसेही दिसत नाहीत. नेट १०० एमबीपीएसचं आहे. काय करू?

आधी पैशांचं. मित्राने खरंच पाठवले असतील तर ते चेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या सामायिक वहीत, आहेत. तुमचं वॉलेट अजून त्या तारखेपर्यंत वाचत पोचलेलं नाही, एवढंच. त्याच्याकडून ट्रान्झॅक्शन आयडी घ्या, कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर (चेन दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाका, कन्फर्मेशन म्हणजे वहीत नोंद झाल्याची खूण दिसली की निवांत झोपा. घाबरून कोअरचं डेटा फोल्डर मात्र उडवू नका, आणि वॉलेटचा बॅकअप आजच पेनड्राइव्हवर घ्या.

आता वेगाचं. टास्क मॅनेजर उघडून बघा. पैज लावतो, डिस्क १०० टक्के आणि नेटवर्क जवळपास शून्य असेल. माझ्या जुन्या असेंबल्ड पीसीवर हेच चाललं होतं. रात्रभर हार्डडिस्कची करकर ऐकून बायकोने विचारलं, आत उंदीर शिरलाय का?

कोअर नुसतं डाउनलोड करत नाही. ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) प्रत्येक व्यवहार ते स्वतः तपासतं. तलाठ्याने प्रत्येक फेरफाराच्या वेळी आधीचा मालक कोण हे दप्तरात शोधावं, तसं. हे दप्तर म्हणजे चेनस्टेट नावाचं फोल्डर, आता १० जीबीच्या वर गेलेलं. ते रॅममध्ये मावत नाही, मग दर व्यवहाराला हार्डडिस्कचा काटा इकडून तिकडे पळतो. सुरुवातीच्या वर्षांचे ब्लॉक चिमुकले, म्हणून ते झरझर जातात. २०२३पासून इन्स्क्रिप्शनवाल्यांनी (व्यवहारांत चित्रं-मजकूर कोरणाऱ्यांनी) आणि टोकनवाल्यांनी बिटकॉइनच्या बारीक बारीक तुकड्यांचा इतका रतीब घातला, की दप्तर आणखी फुगलं. तुमची गाडी बहुधा तिथेच रुतली आहे.

सेटिंग्जमध्ये ऑप्शन्स उघडा. डेटाबेस कॅशे, म्हणजे त्या दप्तरासाठी रॅममध्ये राखलेली जागा, बऱ्याच आवृत्त्यांत ४५० एमबीच असतो. रॅम ८ जीबी असेल तर ३००० करा. अँटिव्हायरसला कोअरचं डेटा फोल्डर वगळायला सांगा. प्रून केल्याने (तपासून झालेले जुने ब्लॉक पुसल्याने) वेग वाढतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जागा वाचते, पण डाउनलोड आणि तपासणी सगळीच करावी लागते. आणि टेलिग्रामवर कुणी ‘तयार चेन’ देत असेल तर हात जोडा.

खरा इलाज एसएसडी. अख्खी चेन ६०० जीबीच्या वर आहे, पण तेवढी मोठी घ्यायची गरज नाही. २५० जीबीची छोटी घ्या, डेटा फोल्डर तिच्यावर न्या आणि ब्लॉक्सडिर हा पर्याय वापरून ब्लॉकच्या अवजड फायली जुन्या डिस्कवरच राहू द्या. माझं अकरा दिवस रखडलेलं काम त्यानंतर दोन दिवसांत उरकलं. फक्त पैसे मिळवायचे-पाठवायचे असतील तर इलेक्ट्रम वापरा, ते चेन उतरवतच नाही. मात्र माहितीसाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबावं लागतं.

कॅशे वाढवलात तर लाइटकडे लक्ष ठेवा. तपासलेलं बरंचसं रॅममध्येच असतं; माझ्याकडे एका दुपारी लाइट गेली आणि अख्ख्या दिवसाची तपासणी पुन्हा करावी लागली. यूपीएस नसेल तर रोज रात्री कोअर बंद करून परत चालू करा, म्हणजे तपासलेलं डिस्कवर लिहिलं जातं. बंद करताना ‘ही खिडकी जाईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट येते. हार्डडिस्कवर ती दहा-दहा मिनिटं हलत नाही. हँग झालं समजून बटण दाबू नका.