कसब्यात सर्वेक्षणाला निघण्याआधी

मतदारांच्या सर्वेक्षणासाठी पुण्यातला कसबा पेठ विधानसभा मतदारसंघ निवडलास, फार बरं केलंस. १९९५ पासून भाजपकडे असलेली ही जागा २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने जिंकली आणि २०२४ मध्ये ती परत भाजपकडे गेली. पण एवढ्यावरून ‘मतदार फिरले’ असं लिहू नकोस. दोन्ही वेळी मतदानाला आलेली माणसं तीच होती का, हे आधी बघ.

केंद्रनिहाय मतं फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात मिळतील. मात्र एखाद्या केंद्रावर एका पक्षाला जास्त मतं पडली म्हणून तिथल्या अमुक जातीने त्यालाच मत दिलं, असं ठरत नाही. अशा निष्कर्षांनी माणसांवर नाहक शिक्के बसतात, म्हणून मला त्याची चीड आहे. मत कुणाला दिलं हे माणसालाच विचार, तेही तोंडी नको. वाड्यात चार जण ऐकत असतात. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीतीच्या सर्वेक्षणांत नमुना मतपत्रिका आणि पेटी वापरतात, तसंच कर.

ध्रुवीकरणाचे, म्हणजे पक्षावरून माणसं एकमेकांपासून किती दुरावली आहेत याचे प्रश्न सगळ्यात जपून लिही. धोरणावरचा मतभेद वेगळा, विरोधी पक्षाच्या माणसाबद्दलचा राग वेगळा. पाणी, वाहतूक यांवर एकमत असणारे दोघे पक्षावरून बोलणं टाकू शकतात. ‘विरोधी पक्षाच्या घराशी सोयरीक कराल का?’ हा प्रश्न चांगला, पण उत्तरात जात मिसळते. ‘तुमच्याच जातीतलं, पण विरोधी पक्षाचं घर’ असं विचार.

नोकरदार निसटू नयेत म्हणून संध्याकाळी जा. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नकोस. मतदारयादीतून निवडलेल्या त्याच नावासाठी पुन्हा जा.