हौशी नाट्यसंस्था सुरू कशी होते आणि टिकते कशावर?

तुम्ही विचारलंय की सोसायटीच्या गणपतीत एक एकांकिका केली, आता सहा जणांना कायमचा ग्रुप काढायचाय, तर अशा संस्था मुळात सुरू कशा होतात आणि टिकतात कशावर. मी एका हौशी संस्थेत बावीस वर्षं आहे, त्यातली पहिली चार नुसता पडदा ओढण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचंही गणपतीतच सुरू झालं. ऑर्केस्ट्रावाल्याने ऐनवेळी नाही म्हटलं, एक संध्याकाळ रिकामी पडली, कमिटीतले काका म्हणाले पोरांनो काहीतरी करा. केलं. दुसऱ्या प्रवेशात फ्यूज उडाला, दोघं जण अंधारातच संवाद म्हणत राहिले आणि लोकांना वाटलं हा ब्लॅकआउट मुद्दाम घेतलाय, चक्क टाळ्या पडल्या. जो वायरमन फ्यूज बांधायला आला तो आजतागायत आमची प्रकाशयोजना करतोय. नाटकाची आवड-बिवड काही नव्हती त्याला, तुमचे हाल बघवेनात म्हणून थांबलो म्हणतो. संस्था काढू असं कुणी ठरवलं नव्हतं, पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा जमले एवढंच.

मग खरी गाडी रुळावर आली ती स्पर्धेमुळे. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा १९५०च्या दशकापासून चालू आहे, ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी आणि त्यातून निवडलेल्यांची अंतिम. कॉलेजवाल्यांना पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहे. या स्पर्धांना लोक नावं ठेवतात, परीक्षकांवर चिडतात, मीही चिडलोय, पण त्यांचा खरा उपयोग म्हणजे त्या तारीख देतात. तारीख नसली की नुसती वाचनं होतात, चहा होतो, कुणीतरी म्हणतं भूमिका अजून अंगात मुरली नाही, आणि दिवाळी येते. तारीख पडली की ज्याचं पाठांतर मे महिन्यापासून रखडलंय तो माणूस आठ दिवसांत नाटक तोंडपाठ करून येतो, कसं ते विचारू नका.

कागदपत्रं थोडक्यात सांगतो. लेखकाचं परवानगीपत्र आधी घ्या, तोंडी हो चालत नाही. नवी संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र काढा. आणि संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात, तुम्ही सहा आहात, म्हणजे सातवा शोधा. तो नट नसला तर फारच बरं, नट सहा पुष्कळ झाले.

बरेच जण हौशी म्हणजे कच्चं असं धरून चालतात, त्याचा मला राग येतो. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केलं, तीही हौशीच संस्था. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, नट मोहन आगाशे मानसोपचारवाले, त्याच मंडळींतले सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीतले. दिवसा आपापलं काम, संध्याकाळी तालीम. हौशी म्हणजे पोट त्याच्यावर नाही, बाकी मेहनत तेवढीच, उलट जास्तच कारण सेटसुद्धा स्वतःच उचलायचा.

आणि त्याच घाशीरामचं पुढे काय झालं बघा. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं, वाद झाला, तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली, त्याच नाटकाला घेऊन पुढे युरोपला गेली. मुंबईत रंगायन या प्रायोगिक नाट्यसंस्थेतून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडेंनी १९७१ला आविष्कार काढली, मग दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांची अख्खी चळवळच उभी राहिली. म्हणजे तुम्ही विचारताय संस्था सुरू कशी होते, तर बरेचदा आधीची फुटून सुरू होते. हे कुणी स्थापनेच्या भाषणात बोलत नाही.

आमचीही फुटली. नवव्या वर्षी. कारण सांगायला लाज वाटते, मुख्य भूमिका कुणाला यावरून सुरू झालं आणि संपलं मात्र हिशेबाच्या वहीवर, कारण भांडण वाढलं की सगळ्यांना वही आठवते. पाच जण गेले, त्यात आमचा एकमेव बरा दिग्दर्शक. त्या वर्षी आमचं नाटक इतकं पडलं की तिसऱ्या घंटेनंतर विंगेतून डोकावलं तर समोर आमच्याच घरची मंडळी. पण मोडलो नाही, आणि याचं श्रेय मला तरी नटांना द्यावंसं वाटत नाही. वायरमन होता, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या सामानाची, पेटी घरी कॉटखाली ठेवणाऱ्या एक मावशी होत्या, आणि प्रॉम्प्टिंग करणारा एक बँकेतला कारकून, ज्याला सगळ्यांचे सगळे संवाद पाठ पण स्टेजवर यायला सांगितलं की पाय लटपटायचे. या तिघांपैकी कुणालाच लीड नको होता, त्यामुळे सोडून जायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं. तुमच्या सहांत असा एक तरी आहे का बघा, नसेल तर सातवा तसा आणा.

फुटून गेलेले अजून त्यांची संस्था चालवतात, स्पर्धेत दरवर्षी आमच्यासमोर उभे असतात. पहिली तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. मग एकदा रंगीत तालमीच्या आदल्या रात्री त्यांचा दिग्दर्शक दारात, तुमच्या लेव्हल्स, म्हणजे स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे, मिळतील का, आमच्या भिजल्यात. दिल्या. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून सोफा आणला होता, तो अजून परत करायचा राहिलाय.