पहिला टप्पा हुकला म्हणून लेक आज गोंधळली आहे का?

ताई, लेक सहा महिन्यांची असताना तुम्हाला कामावर रुजू व्हावं लागलं, तिला आजीने सांभाळलं. आता बी.एड.च्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ एरिकसनचे माणसाच्या मानसिक वाढीचे आठ टप्पे वाचून तुम्हाला वाटतंय, की तिचा 'विश्वास विरुद्ध अविश्वास' हा पहिला टप्पा बिघडला आणि म्हणून अकरावीत ती सायन्स सोडायचं म्हणते. माझ्या मते या दोन गोष्टींचा संबंध जोडूच नका.

नोट्समध्ये हे टप्पे तक्त्यात मांडतात, त्यामुळे ते पास-नापास झाल्यासारखे वाटतात. एरिक एरिकसन यांनी १९५० साली मांडलं ते तसं नव्हतं. पहिल्या दीडेक वर्षात बाळाला एवढंच उमगावं लागतं, की रडलं की कोणीतरी येतं, पोट भरतं, रोज तेच हात उचलून घेतात. ते हात आजीचे असले म्हणून काही कमी पडत नाही. थोडा अविश्वासही हवाच. परक्याच्या कडेवर न जाणारं बाळ शहाणंच म्हणायचं. आणि मागे राहिलेलं पुढे भरून काढता येतं, हेही एरिकसन मानत.

खरं नुकसान मला दुसऱ्या टप्प्यात जास्त दिसतं. दोन-अडीच वर्षांचं पोर उलटसुलट चपला घालून दारात उभं असतं, "मी मी" करत. आपण घाईत असतो, "दे इकडे" म्हणून काढून घेतो. कधीमधी चालतं. पण रोज तेच, वर चारचौघांत हसणं, यातून त्याला स्वतःबद्दल शंका वाटायला लागते. पुढचे दोन टप्पे म्हणजे पुढाकार, मग शाळेतली कामाची गोडी. तिथे शेजारच्या मुलाच्या मार्कांशी तुलना टाळली तरी बरंच साधतं.

आता लेकीचं. 'मी कोण, मला काय करायचंय' हा गोंधळ याच वयाचं काम आहे. स्वतः एरिकसन शाळा संपल्यावर चित्रं काढत युरोपभर भटकले. जन्मदाता कोण हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि 'एरिकसन' हे आडनाव त्यांनी १९३९ साली, अमेरिकेचं नागरिकत्व घेताना लावलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली दाखवलं, की काही मुलं आईवडिलांनी ठरवलेली वाट न तपासताच स्वीकारतात. ती वरून अगदी स्थिर दिसतात, पण त्यांचा शोध झालेलाच नसतो. दहावीला टक्के चांगले म्हणून सायन्स, हे त्यातलंच. तुमची लेक निदान प्रश्न तरी विचारतेय, याचं मला फार बरं वाटलं.

तिला आजच निर्णय मागू नका. आर्ट्स किंवा डिझाइन शिकणाऱ्या एखाद्या ताई-दादाशी तिला निवांत बोलू द्या, कॉलेज दाखवून आणा. त्या वेळी तुम्ही गप्प राहिलात तर उत्तम.

मात्र तिची झोप-जेवण बिघडलं असेल, मैत्रिणींशी बोलणं तुटलं असेल, तर टप्पे बाजूला ठेवा आणि समुपदेशकाला भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.