समुद्रातला कार्बन खाली किती जातो हे थोरियमवरून कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की कार्बन मोजायला समुद्रात रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ ओततात का आणि ते धोक्याचं नाही का. नाही हो, कोणी काही ओतत नाही, लागतं ते सगळं समुद्रात आधीपासूनच आहे. लिटरभर पाण्यात साधारण ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेलं असतं आणि ते मिठासारखं पाण्यातच राहतं. त्यातलं युरेनियम-२३८ फुटून थोरियम-२३४ तयार होतं, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं फुटून जायला लागणारा वेळ) २४.१ दिवस, आणि हे मात्र भलतंच चिकट, कण दिसला की बसलंच त्याच्यावर. मग मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), बारीक जिवांची विष्ठा असलं काही खाली बुडालं की त्याच्यासोबत थोरियमही जातं.

स्वारगेटचा बसस्टॉप घ्या. मिनिटाला किती माणसं येतात माहितीये, कंटाळून किती रिक्षाने जातात तेही माहितीये, तरी उभी माणसं हिशोबापेक्षा कमी दिसली तर मधे बस येऊन गेली, बस आपण बघितली नसली तरी. येणारी माणसं म्हणजे युरेनियमपासून बनणारं थोरियम, रिक्षाने जाणारी म्हणजे आपसूक फुटून जाणारं, आणि बस म्हणजे बुडणारे कण.

आता आकडे. युरेनियमच्या हिशोबाने लिटरमागे मिनिटाला थोरियमची सुमारे २.४ विघटनं (अणू फुटणं) दिसायला हवीत. समजा वरच्या १०० मीटरमध्ये १.८च दिसली, तर ०.६ची तूट. ही तूट दिवसागणिक बदलत नाही, सगळं स्थिर आहे असं धरलं की त्या तुटीवरून रोज किती थोरियम बुडतंय ते निघतं, आणि बुडणाऱ्या कणांवर थोरियममागे कार्बन किती ते मोजून गुणलं की झालं. मिनिटाला एक विघटन देणाऱ्या थोरियममागे ४ मायक्रोमोल (म्हणजे ४८ मायक्रोग्रॅम) कार्बन धरला तर रोज चौरस मीटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन येतो.

माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हा शेवटचा गुणाकारच. ते गुणोत्तर खोलीप्रमाणे आणि कणाच्या आकाराप्रमाणे बदलतं, आणि अरबी समुद्रात पावसाळ्यात प्लवक एकदम फोफावलं की 'स्थिर आहे' हे गृहीतकही डळमळतं. म्हणून जोडीला पोलोनियम-२१० हे समुद्रातलंच दुसरं रेडिओअ‍ॅक्टिव्ह मूलद्रव्य घेतात, त्याचं अर्धायुष्य १३८ दिवस, त्यामुळे काही महिन्यांचा हिशोब लागतो.

प्रत्यक्ष काम अगदी बादली-बाटलीचं आहे, मी बोटीवर केलंय. चारेक लिटर पाण्यात अमोनिया, परमँगनेट, मँगनीज क्लोराइड घालायचं, गुलाबी पाणी तपकिरी होतं, आणि तो तपकिरी गाळ थोरियमला धरून बसतो. तो रुपयाएवढ्या फिल्टरवर गाळून बीटा काउंटरमध्ये (विघटनातून निघणारे बीटा कण मोजणाऱ्या यंत्रात) ठेवायचा, आणि पाचसहा महिन्यांनी तोच फिल्टर परत मोजायचा, कारण तोपर्यंत थोरियम संपलेलं असतं आणि उरते ती नुसती पार्श्वभूमी, म्हणजे बाकीच्या गोष्टींमुळे येणारी मोजणी, ती वजा करायची. घाई असेल त्याने या धंद्यात येऊ नये!

आणि हे सगळं परदेशातून आलेलं नाहीये बरं का, थोरियम-युरेनियमची ही तूट मोजणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) देवेंद्र लाल वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी केलं, १९६९चा पेपर आहे. पुण्यात समुद्र नाही म्हणून हात चोळत बसू नका, खडकवासल्यासारख्या तलावाच्या गाळाचं वय शिसं-२१० (शिशाचा रेडिओअ‍ॅक्टिव्ह प्रकार) वरून काढतात, शे-दीडशे वर्षांपर्यंत चालतं, सुरुवात तिथून करा.