अमेरिकेत सिटीचं पार्क्स अँड रेक्रिएशन कमिशन नक्की करतं काय? क्रिकेट पिचसाठी तिथे जाऊन उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) नवीन राहायला आलाय, शनिवार-रविवारी पोरांना घेऊन पार्कात क्रिकेट खेळता, एका रविवारी सॉकरवाल्यांनी परमिट दाखवून उठवलं, आणि सिटीच्या ऑफिसात फोन केला तर "कमिशनच्या मीटिंगला या" एवढंच सांगितलं. मी साउथ बेमधल्या एका छोट्या सिटीच्या कमिशनवर एक टर्म होते (सिटीचं नाव राहू दे), त्यामुळे आतून कसं चालतं ते बघितलंय. सरळ उत्तर हवं असेल तर, कमिशनच्या हातात तिजोरी नाही, कोणाला हुकूम सोडायचा अधिकार नाही, तरी जाऊन उपयोग होतो, फक्त वेळेवर जायला हवं.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक मध्यम शहरांत कौन्सिल निवडून येते, ती सिटी मॅनेजर नेमते, आणि पार्क्स अँड रेकचा डायरेक्टर त्या मॅनेजरच्या हाताखाली. कमिशन या उतरंडीत कुठेच नाही, ते बाजूला बसवलेलं असतं. पाच किंवा सात रहिवासी, कौन्सिल अर्ज मागवून मुलाखती घेऊन नेमते, साधारण चार वर्षांची टर्म, पगार नाही, महिन्यातून एक संध्याकाळ मीटिंग. डायरेक्टर आम्हाला जबाबदार नव्हता. अमुक कोच चांगला शिकवत नाही त्याला काढा किंवा ते झाड छाटून घ्या असलं काहीही आम्ही स्टाफला सांगू शकत नव्हतो, नवीन मेंबर हमखास सांगायला जातात आणि मग स्टाफमधली बाई अगदी गोड आवाजात समजावते की हे तुमचं काम नाही.

सगळीकडे असंच असतं असं नाही हां. सॅन फ्रान्सिस्कोत मेयरने नेमलेलं सात जणांचं कमिशन आहे आणि त्यांचे अधिकार शहराच्या चार्टरमध्येच (म्हणजे शहराच्या घटनेतच) लिहिलेत, डिपार्टमेंटचं बजेट, भाडेकरार, मोठी कंत्राटं त्यांच्या मतदानाने पुढे सरकतात. पण तिथेही गोल्डन गेट पार्कातला जेएफके ड्राइव्ह गाड्यांना कायमचा बंद करायचा का हा वाद (कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून बंद होता) कमिशनवर संपला नाही, २०२२ च्या एप्रिलमध्ये बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने (तिथली कौन्सिल) मतदान केलं आणि तरी भांडण मिटेना म्हणून त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे गेलं, तेव्हा कुठे शिक्का बसला. दुसऱ्या टोकाला मिनियापोलिस. तिथलं पार्क बोर्ड १८८३ पासूनचं, नऊ कमिशनर लोकांनी थेट निवडून दिलेले, मालमत्ता करातला त्यांचा वाटा वेगळा, सुपरिंटेंडेंट त्यांनीच नेमलेला. म्हणून तुमच्या सिटीचं कमिशन 'ॲडव्हायझरी' (नुसतं सल्ला देणारं) आहे की 'गव्हर्निंग' (स्वतः निर्णय घेणारं) हे आधी म्युनिसिपल कोडमध्ये, म्हणजे सिटीच्या नियमांत, बघून घ्या. साउथ बेमध्ये ते ॲडव्हायझरीच असणार असं धरून मी पुढचं लिहितेय.

मग ॲडव्हायझरी लोक नजर ठेवतात म्हणजे काय करतात? मुख्यतः स्टाफ रिपोर्ट. कौन्सिलपुढे पार्कसंबंधी काही जायच्या आधी, म्हणजे फी वाढवायची, मास्टर प्लॅन, एखाद्या पार्कचं नूतनीकरण, डॉग पार्क, मैदानं कोणाला किती तास, स्टाफ त्याचा रिपोर्ट लिहितो आणि तो आधी कमिशनपुढे येतो. आम्ही वाचायचं, प्रश्न विचारायचे, लोकांचं ऐकायचं आणि शिफारस करायची. कौन्सिल ती मानायला बांधील नाही. पण कौन्सिलसमोर एका रात्री बजेट, पोलिस, घरबांधणी असे ढीगभर विषय असतात, स्विमिंग पूलवर डोकं लावायला तिथे कोणाला वेळ? कमिशनने एकमताने काही पाठवलं तर ते बरेचदा जसंच्या तसं पास होतं, आणि आम्ही ३ विरुद्ध २ झालो की कौन्सिलमध्ये त्यावर तासभर चर्चा.

एक उदाहरण सांगते. पूलची फी वाढवायचा रिपोर्ट आला होता. सिटीजमध्ये 'कॉस्ट रिकव्हरी' नावाचं धोरण असतं, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने आपला खर्च किती टक्के फीमधून भरून काढायचा. साधारणपणे मुलांचे आणि सीनियर लोकांचे कार्यक्रम सिटी पदरचे पैसे घालून चालवते आणि मोठ्यांचे क्लास, लीग वगैरे पूर्ण खर्च वसूल करतात. आमच्या रिपोर्टमध्ये सकाळचा आजी-आजोबांचा वॉटर एक्सरसाइजचा क्लास 'ॲडल्ट फिटनेस' या खणात टाकला होता, त्यामुळे फी एकदम वर. कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण टॉवेल खांद्यावर टाकून पाच-सहा चिनी आज्या थेट मीटिंगला आल्या, एकीची नात शेजारी उभी राहून इंग्लिशमध्ये सांगत होती. आम्ही फी किती असावी यावर बोललोच नाही, फक्त विचारलं की हा क्लास या खणात का? स्टाफने खण बदलला, फी आपोआप खाली आली. आमची नजर म्हणजे एवढीच, पण बघा, फरक पडला की नाही.

आता पैशाचं, कारण इथे लोकांची फार चिडचिड होते. सिटी नवीन पार्कसाठी लाखो डॉलर काढते आणि लाईफगार्ड कमी आहेत म्हणून पूल लवकर बंद करते, हे कसं काय? कारण दोन्ही पैसे वेगळे. क्विंबी ॲक्ट म्हणून १९६५ चा राज्याचा कायदा आहे, त्यानुसार जमिनीचे प्लॉट पाडून घरं बांधणाऱ्या बिल्डरकडून सिटी दर हजार लोकांमागे ३ एकर पार्कची जमीन किंवा तेवढ्या किमतीची फी घेऊ शकते (जिथे आधीच पार्क जास्त आहेत तिथे ५ एकरपर्यंत). ती फी जमीन घ्यायला, पार्क बांधायला किंवा दुरुस्त करायलाच वापरता येते, पगाराला नाही. लाईफगार्डचा पगार जनरल फंडातून, म्हणजे सिटीच्या रोजच्या खर्चाच्या तिजोरीतून येतो आणि तिथे पोलिस, फायर सगळे ताट घेऊन रांगेत उभे. म्हणून "पिच बांधा" ही मागणी एका खिशातून येते आणि "मुलांसाठी क्रिकेट कोचिंग सुरू करा" ही दुसऱ्या, दोन्ही एका दमात मागितल्या की स्टाफच्या दृष्टीने घोळ होतो.

आणि हीच वेळेची गोष्ट. सिटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, बजेट जूनमध्ये पास होतं. मे महिन्यात कौन्सिलपुढे जाऊन भाषण ठोकलं तर टाळ्या मिळतील, पिच मिळणार नाही, कारण कुठलं काम कुठल्या वर्षी करायचं त्या यादीचा (कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम, सगळे सीआयपी म्हणतात) कच्चा मसुदा हिवाळ्यातच तयार होतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो कमिशनपुढे येतो तेव्हा खोलीत आम्ही, स्टाफ आणि एखादे रिटायर्ड काका जे प्रत्येक मीटिंगला येतात. तेव्हा या!

मीटिंगला गेल्यावर एक धक्का बसेल तो आधीच सांगते. विषय अजेंड्यावर नसेल तर तुम्ही सुरुवातीच्या पब्लिक कॉमेंटमध्ये बोलता, समोर दिवा हिरवा, पिवळा, लाल होतो, तीन मिनिटं (गर्दी असेल तर दोन) तुम्ही जीव तोडून बोलता आणि कमिशनर मख्खपणे "थँक यू" म्हणून पुढचं नाव पुकारतात. आपल्या लोकांना वाटतं अपमान केला. तसं नाहीये हो. ब्राउन ॲक्ट नावाचा १९५३ चा कायदा आहे, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि जे अजेंड्यावर नाही त्यावर कमिशनला चर्चा किंवा निर्णय करता येत नाही, फार तर एखादा खुलासा किंवा "स्टाफने बघावं" एवढं म्हणता येतं. त्याच कायद्यामुळे बहुमताइतके मेंबर मीटिंगबाहेर विषयावर बोलू शकत नाहीत. आमच्याकडे पाच जण, म्हणजे मी आणि अजून एकजण पार्किंगमध्ये बोललो तर चालायचं, तिसरा आला की हवापाण्याच्या गप्पा. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं तरी तो भंगच. म्हणून सगळ्या कमिशनर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यात तुमचं निवेदन टाकू नका (हे खरंच एका भल्या माणसाने केलं होतं, आम्ही सगळे पटापट लेफ्ट). एक ईमेल करा, कमिशनच्या अधिकृत पत्त्यावर, मग ते रेकॉर्डवर येतं आणि त्यात मागणी अशी लिहा की हा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या.

क्रिकेटबद्दल. तुमचा खरा प्रश्न बहुधा पिचचा नसून मैदानाच्या तासांचा आहे. बहुतेक सिटीजची फील्ड अलोकेशन पॉलिसी (मैदान कोणाला आधी द्यायचं याचे नियम) असते, आधी सिटीचे स्वतःचे प्रोग्राम, मग मुलांच्या नॉन-प्रॉफिट लीग, ज्यांच्या यादीत निम्म्याहून जास्त मुलं त्याच सिटीत राहतात, मग मोठ्यांच्या लीग, शेवटी बाहेरचे. आणि त्यात बरेचदा एक छोटं कलम असतं 'हिस्टॉरिक यूज', म्हणजे मागच्या सीझनला ज्याला जो तास होता त्याला तो आधी. सॉकर आणि बेसबॉलवाले तिथे कित्येक वर्षं बसलेत, क्रिकेटवाले काल आले, त्यामुळे भांडण न करताही तुम्ही कायम शेवटी. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात बदलायची गोष्ट ती आहे आणि तो बदल कमिशनच्या पातळीवरच होतो, कारण पॉलिसी रिव्ह्यूला येते तेव्हा पहिली सुनावणी तिथेच. पण त्यासाठी तुम्ही 'आम्ही काही मित्र' म्हणून जाऊन चालत नाही. नोंदणीकृत ग्रुप, खेळाडूंची पत्त्यासकट यादी, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट ज्यात सिटीचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून (म्हणजे विम्याचं संरक्षण सिटीलाही) घातलंय, हे फाइलमध्ये असेल तर स्टाफ तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

सिझन बॉलने खेळायचं असेल तर विरोध होईल, आणि तो सगळा वंशवादी असतो असं मला नाही वाटत. दोन बेसबॉल डायमंडच्या (बेसबॉलच्या मैदानांच्या) मधल्या गवतात काँक्रीटची पट्टी टाकायची म्हटली की सॉकरच्या आयांना पोरांचे घोटे दिसतात, कुंपणापलीकडच्या घरांना काचा दिसतात. सनीवेलच्या ऑर्टेगा पार्कात सिटीचं क्रिकेट पिच आहे, ते एकदा जाऊन बघा, फोटो काढा, तुमच्या ईमेलला जोडा. शेजारच्या सिटीत झालंय हे दाखवलं की निम्मे प्रश्न गळतात.

अजून एक, ते मैदान सिटीचंच आहे ना हे बघा. शाळेला लागून असेल तर ते स्कूल डिस्ट्रिक्टचं (सरकारी शाळा चालवणारं वेगळं खातं) असू शकतं, मग कमिशनपुढे कितीही बोललात तरी व्यर्थ, सिटी आणि डिस्ट्रिक्टमध्ये जॉइंट यूज करार (मैदान दोघांनी मिळून वापरायचा) असला तरच त्यांचं काही चालतं. काऊंटी पार्क तर तिसरंच खातं.

पुण्यात आपण नगरसेवकाला गाठायचो, आणि काम झालं की बागेतल्या बाकड्यावर त्याचं नाव रंगवलेलं असायचं. इथे बाकड्यावर पाटी दिसली तर ती बहुधा कोणा गेलेल्या माणसाच्या आठवणीत घरच्यांनी पैसे भरून लावलेली असते, आणि त्या पाटीवर किती शब्द चालतील यावरही आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवलीय, हसू नका.

जमलं तर कमिशनसाठी स्वतः अर्ज करा. सिटिझन नाही म्हणून गप्प बसू नका, २०१९ मध्ये राज्याने कायदा बदलला, आता नेमणुकीच्या पदांसाठी राज्याकडून नागरिकत्वाची अट नाही, १८ पूर्ण आणि कॅलिफोर्नियाचे रहिवासी असलात तर चालतं. मात्र काही सिटीजच्या स्वतःच्या नियमांत 'रजिस्टर्ड व्होटर' असं लिहिलेलं असतं, तेव्हा सिटी क्लर्कच्या ऑफिसात फोन करून विचारा, ते नीट सांगतात, आणि तेव्हाच कुठल्या जागा कधी रिकाम्या होतायत तेही विचारून ठेवा.